वस्तीची उणीव आणि वस्तीचे हॉटेल

महाराष्ट्रातील शहरांचा इतिहास लिहिताना गिरण्या, बाजारपेठा, शाळा, देवळे आणि वर्तमानपत्रे यांची जितकी काळजीपूर्वक नोंद झाली, तितकी त्या शहरांना रोज खाऊ घालणाऱ्या खाणावळी, इराणी आणि उडुपी हॉटेले, दुग्धमंदिरे आणि विश्रांतिगृहे यांची झालेली नाही. वास्तविक पत्ता सांगताना ज्यांचे नाव घेतल्याशिवाय चालत नाही, मालकाच्या तीन पिढ्यांनी गिऱ्हाइकांच्या तीन पिढ्या पाहिल्या आहेत आणि एक दिवस बंद राहिली तरी आजूबाजूच्या गल्ल्यांचे वेळापत्रक बिघडते, अशी खाद्यगृहे जवळपास प्रत्येक जुन्या वस्तीत आहेत. ती का टिकली, या प्रश्नाला सहसा चव, स्वच्छता आणि मालकाचा स्वभाव असे उत्तर दिले जाते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण उत्तम चवीची असंख्य हॉटेले पाच-सात वर्षांत बंद पडली आणि बेताच्या चवीची काही शंभरी ओलांडून गेली. या लेखातील प्रतिपादन असे की खाद्यगृह वस्तीत रुजते ते वस्तीच्या घरांत असलेल्या एखाद्या उणिवेवर, मग ती चुलीची असो, जागेची असो, सोबतीची असो वा प्रतिष्ठेची. ती उणीव असेपर्यंत ते जगते, आणि ती संपल्यावर दुसरी उणीव ज्यांना सापडली तीच खाद्यगृहे पुढे टिकतात.

घराबाहेर पैसे देऊन जेवणे ही गोष्ट मराठी समाजात फार जुनी नाही. प्रवासी धर्मशाळेत स्वतः शिजवून खात, आणि शिक्षणासाठी पुण्यात आलेला गरीब विद्यार्थी वारावर जेवत असे, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक वारी एकेका घरी पान मांडले जाई. ज्याला सात घरे मिळत नसत तो माधुकरी मागत असे. ही व्यवस्था जातीच्या आतली होती, आणि तिच्यात उपकाराचे ओझे होते. बाहेरच्या खाण्यापिण्याकडे तेव्हा किती संशयाने पाहिले जाई, याचा पुरावा 1890 मधील पंचहौद मिशनच्या प्रकरणात आहे. पुण्यातील या ख्रिस्ती मिशनच्या समारंभात चहा घेतल्याबद्दल लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातीकडून बहिष्काराची कारवाई, आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न काही वर्षे गाजला. ज्या समाजात एका कप चहाची एवढी किंमत होती, त्याच समाजात पुढच्या चाळीस वर्षांत शेकडो चहाची दुकाने निघाली. हा बदल पाककलेतल्या प्रगतीने आलेला नाही, तो शहरांतील माणसांच्या गरजांनी घडवला.

या गरजांतील पहिली आणि सर्वांत निकडीची होती चुलीची. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा असे. 1931 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेपाचशेच्या आसपास होती. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत, तिथे स्वतंत्र चूल अशक्य होती. या पुरुषांसाठी गिरणगावातील स्त्रियांनी, त्यांतही विधवा, परित्यक्ता आणि काम सुटलेल्या कामगारांच्या बायकांनी, आपल्या राहत्या खोलीतच खाणावळी चालवल्या. खाणावळीत महिन्याने जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणत. त्याचे पैसे पगाराच्या दिवशी येत, आणि तो आगाऊ सांगून गावी गेला तर त्या दिवसांचे पैसे वजा होत. या वजावटीला 'खाडा' असे नाव होते. किती दिवसांनंतर खाडा धरायचा, न सांगता राहिलेल्या वेळेचे काय, पाहुणा आणल्यास किती घ्यायचे, या बारीक नियमांवर खाणावळीचा सगळा हिशेब उभा असे. मेंबर बहुधा बाईच्याच तालुक्यातला असल्यामुळे कालवणाचा मसाला गावाकडचा असे, आणि गावाची बातमी, लग्नाची बोलणी, आजारी माणसाला पोहोचवायचे पैसे हे सर्व त्याच ताटाभोवती फिरत असे.

या व्यवसायाचे भांडवल उधारीचे होते. बाई वाण्याकडून उधार घेई आणि मेंबराला उधार घाली. मधल्या महिन्याचे व्याज तिच्या अंगावर पडे. गिरणीत संप झाला की मेंबराचा पगार थांबे, पण त्याचे ताट थांबत नसे, आणि अशा वेळी अनेक स्त्रियांनी मंगळसूत्र किंवा भांडी गहाण टाकून कामगारांना जेवू घातले. कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमा पुरव यांनी नेमके हे ओळखले, आणि 1975 मध्ये मोजक्या खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज या स्त्रियांना परस्परांच्या जामिनावर मिळवून देणे हे मंडळाचे मुख्य काम होते, आणि सावकार व वाणी यांच्या कचाट्यातून सुटण्याची ती पहिली खरी वाट होती. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, मेंबर गावी परतले, आणि खाणावळींची ती दुनिया मावळली. मंडळाने मात्र कार्यालयांना डबे पुरवणे, समारंभांचा स्वयंपाक करणे अशी कामे उचलली. जुनी उणीव संपल्यावर नवी शोधण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. पुण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या शहरात खाणावळीचे मूळ रूप अजून शाबूत आहे, कारण तिथे चूल नसलेल्या तरुणांचा ओघ दर जूनमध्ये नव्याने येतो. रविवारी दुपारी 'फीस्ट' आणि संध्याकाळी बंद, हा तिथल्या मेसचा परिपाठ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अनुभवला आहे.

दुसरी उणीव जागेची. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील पुरुषाला सकाळी वर्तमानपत्र वाचायला, मित्राशी बोलायला किंवा नुसते बसायला घरात ठिकाण नव्हते, आणि ते त्याला इराण्याने दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून मुंबईत आलेले झरथुष्ट्री, तसेच काही शिया मुस्लीम इराणी, या धंद्यात शिरले. धोबीतलावची कयानी अँड कंपनी 1904 मधली, ग्रँट रोडची बी. मेरवान 1914 मधली, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 मधली आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील गुडलक 1935 मधले. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानत आणि म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, अशी एक समजूत सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, दोन रस्त्यांना तोंड असलेल्या जागेत उजेड आणि वारा येतो, गिऱ्हाईक दोन्हीकडून येते आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सगळे दिसते, हे फायदे कोणत्याही समजुतीशिवाय पुरेसे आहेत.

इराण्याच्या दुकानाची मांडणी जवळून पाहिली तर तिच्यातला प्रत्येक घटक खर्चाचा विचार करून ठेवलेला दिसतो. संगमरवरी पृष्ठाचे टेबल एका फडक्याने पुसले जाते, त्यावर कापड अंथरावे लागत नाही. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या हलक्या आणि चिवट. भिंतीवरचे आरसे जागा मोठी भासवतात आणि मालकाला पाठीमागची टेबलेही दाखवतात. दाराजवळच्या काउंटरवर काडेपेटी, साबण, ब्लेड, अंडी आणि पाव विकला जाई, त्यामुळे पहाटे पाळीवर जाणाऱ्याची सगळी खरेदी तिथेच होई. ब्रून म्हणजे कडक पाठीचा पाव; तो मस्का लावून चहात बुडवून खाल्ला की अल्प पैशांत पोट धरते, आणि कमी पाणी घातलेला दाट 'पानी कम' चहा एकदा मागवून माणूस तासभर बसू शकतो. या बसण्यालाच इराण्याच्या धंद्याचे मर्म म्हणावे लागेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 मधील आपल्या पुस्तकात घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला लागणाऱ्या अनौपचारिक भेटीच्या ठिकाणाला 'तिसरी जागा' असे म्हटले. पण मुंबईच्या चाळकऱ्याच्या बाबतीत पहिली जागाच इतकी तोकडी होती की इराणी ही त्याच्या घराची बैठकीची खोली होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत अशी शेकडो दुकाने होती. ती आता काही डझनांवर आली आहेत, आणि जी बंद झाली त्यांतील कित्येकांचे परमिट रूम, म्हणजे मद्यविक्रीचा परवाना असलेले उपाहारगृह, झाले.

उडुपी हॉटेलाचे गणित याच्या उलट आहे. तिथे फायदा बसण्यात नाही, टेबल फिरण्यात आहे. 'टेबल फिरणे' म्हणजे एका जागेवर दिवसभरात किती गिऱ्हाइके उठली-बसली. इडली आणि डोसा यांचे पीठ आदल्या रात्रीच तयार असल्याने पदार्थ मागितल्यापासून काही मिनिटांत समोर येतो, आणि थोड्या नफ्यावर जास्त विक्री होते. दक्षिण कॅनरा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या उडुपी-मंगळूर पट्ट्यातून, आधी शिवळ्ळी आणि सारस्वत ब्राह्मण आणि पुढे मोठ्या संख्येने बंट समाजातील शेट्टी मुंबईत आले. स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून सुरुवात करून रात्रशाळेत शिकलेली आणि पुढे स्वतःचे हॉटेल काढलेली माणसे या व्यवसायात इतकी आहेत की तो या धंद्याचा ठराविक क्रमच म्हणता येईल. माटुंगा हे त्याचे केंद्र झाले, कारण 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या या उपनगरात दक्षिणेकडील कारकून आणि अधिकारी मोठ्या संख्येने राहायला आले. ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये माटुंगा स्थानकाजवळ सुरू केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये आजही केळीच्या पानावर जेवण वाढले जाते. आरंभी ते घरापासून दूर असलेल्या दाक्षिणात्य नोकरदाराची चूल होते; आता तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या बहुतेकांच्या घरी चूल आहे, पण सणासारखी पंगत राहिलेली नाही, आणि तीच उणीव ते बोर्डिंग भरून काढते.

मात्र या सर्व ठिकाणांच्या दारातून कोण आत जाऊ शकत होता, हा प्रश्न वगळून केलेले त्यांचे गुणगान अर्धवट राहील. 'ब्राह्मणांची खाणावळ' अशा पाट्या पुण्या-मुंबईत उघडपणे लागत, आणि गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, जी त्यांनीच धुवून ठेवायची. या संदर्भात कोल्हापूरच्या एका चहाच्या दुकानाचे स्थान अनन्य आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरी केलेले, अस्पृश्य समाजातील गंगाराम कांबळे यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीने कोल्हापुरात 'सत्यसुधारक' हॉटेल काढले. तिथे सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज फेरफटक्याला निघाले की आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून चहा मागवत आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यायला लावत. एरवी हॉटेल वस्तीच्या मागणीतून उभे राहते, इथे मात्र वस्तीने नाकारलेली गोष्ट राजाने चहाच्या कपातून तिच्यासमोर ठेवली. पंचहौदच्या चहाने प्रायश्चित्त घडवले होते, आणि जेमतेम तीस वर्षांत कोल्हापूरच्या चहाने नेमका उलटा धडा घालून दिला. पुढे भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारण्यास बंदी केली, आणि 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेचे आचरण शिक्षापात्र ठरवले. तरीही वेगळी कपबशी ग्रामीण भागात त्यानंतर अनेक वर्षे राहिली. या तुलनेत इराण्याकडे जात विचारली जात नसे, ही गोष्ट त्याच्या ब्रूनमस्क्याहून मोठी आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही दार अर्धेच उघडे होते. एकट्या बाईने हॉटेलात बसणे शिष्टसंमत नसल्याने पडद्याआड किंवा माळ्यावर 'फॅमिली रूम' ठेवली जाई, आणि तिथेही ती कुणाच्या तरी सोबतीनेच गेलेली बरी मानली जाई. गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बाईला स्वतः बाहेर बसून चहा पिण्याची जागा नव्हती, ही विसंगती नोंदवावीच लागते. तसेच टेबल पुसणारा 'पोऱ्या' हा या सर्व हॉटेलांचा अदृश्य पाया होता; चौदा वर्षांखालील मुलांना उपाहारगृहे आणि ढाब्यांत कामाला ठेवण्यावर थेट बंदी आली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून, आणि तोपर्यंतच्या स्वस्त चहात त्या मुलांच्या बालपणाची किंमत मिसळलेली होती.

काही ठिकाणांनी याहून वेगळी, सोबतीची उणीव भरून काढली. काळाघोड्याच्या वेसाइड इनमध्ये कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत, दर गुरुवारी तिथे मित्रमंडळी जमत, आणि त्या खिडकीतून दिसणारा चौक त्यांच्या 2004 मधील काळाघोडा कवितांचा विषय झाला. जहांगीर कलादालनातील समोवार हे उपाहारगृह 1964 पासून चित्रकार, विद्यार्थी आणि न्यायालयातील मंडळी यांचे भेटीचे ठिकाण होते. ते 2015 मध्ये बंद झाले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस 1935 मध्ये मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी काढले, आणि त्यांचे पुत्र चारुदत्त उर्फ चारूकाका सरपोतदार यांच्या काळात ते नाट्य-चित्र व्यवसायातील लहान-मोठ्या कलावंतांचे हक्काचे घर बनले. फर्ग्युसन रस्त्यावरील वैशाली आणि रूपाली यांचे जगन्नाथ शेट्टी 2023 मध्ये गेले तेव्हा पुण्याच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी एखाद्या संस्थापकाच्या निधनासारखी दिली, आणि ते योग्यच होते; कारण महाविद्यालयाच्या दारासमोर अर्धशतकाहून अधिक काळ रोज सकाळी सात वाजता उघडणारी जागा ही शिक्षणाच्या व्यवस्थेचाच भाग असते. गोव्यातही पणजीच्या कॅफे भोसले किंवा कॅफे तातोसारख्या ठिकाणी भाजी-पाव आणि बन्स खात राजकारणाची चर्चा होते. तिथे सरकारी कार्यालये पायी अंतरावर असणे हेच कारण पुरते.

उणीव ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही. तिच्या जोडीला स्वस्त आणि निश्चित जागा लागते, आणि मुंबईत ती भाडेनियंत्रणाने दिली. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवले. पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठी घरमालकाला दिलेली मोठी रक्कम, भरून एकदा जागा मिळवली की पुढील पिढ्यांना नाममात्र भाड्यात धंदा करता येई. एका कपावर गिऱ्हाइकाला तासभर बसू देणे परवडत होते ते या भाड्यामुळे, मालकाच्या औदार्यामुळे कमी. पण याच कायद्याने इमारतीही मोडकळीस आणल्या, कारण हातात काहीच न येणारा घरमालक दुरुस्ती करीत नव्हता. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने मोठ्या कंपन्यांचे संरक्षण काढले आणि वार्षिक चार टक्के वाढ दिली. लहान हॉटेलवाल्याचे संरक्षण मात्र राहिले. आज त्याच्यावर जे संकट आहे ते पुनर्विकासाचे. जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत चार-सहा वर्षे जातात, तेवढ्यात कारागीर पांगतात, गिऱ्हाइकांची सवय मोडते, आणि नव्या इमारतीत क्षेत्रफळ तेवढेच मिळाले तरी कोपरा मिळत नाही. त्यात देखभालीचा खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पट असतो.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतात. वारसांत वाटण्या होतात आणि सात भागीदारांत एका गल्ल्याचे उत्पन्न पुरत नाही. शिकलेल्या मुलांना पहाटे चारला भट्टी पेटवायची नसते, आणि ते त्यांच्या दृष्टीने रास्त आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. शहराच्या श्वासासाठी ते गरजेचे असले तरी विटांची जुनी भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीला झेपणारा नाही, आणि त्यासाठी अर्थसाहाय्य हवे.

जतनाच्या उपायांत जगभरात दोन-तीन दिशा दिसतात. सॅन फ्रान्सिस्कोने 2015 मध्ये तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांची नोंदवही उघडून त्यांना आणि दीर्घ करार करणाऱ्या घरमालकांना अनुदान देण्याची योजना आखली. ब्युनोस आयरेसने उल्लेखनीय उपाहारगृहांची अधिकृत यादी करून त्यांना नगराच्या वारशात स्थान दिले. मुंबईची 1995 ची वारसा नियमावली मात्र इमारतीचे संरक्षण करते, तिच्यात चालणाऱ्या धंद्याचे करीत नाही. कोरीव सज्जा वाचतो आणि त्याखालचे हॉटेल जाऊन तिथे मोबाइलचे दालन येते. पुनर्विकासाच्या परवानगीतच बांधकामाच्या काळात जवळपास पर्यायी गाळा आणि नव्या इमारतीत रस्त्यालगतची जागा देण्याची अट घातली, तर अनेक हॉटेले वाचू शकतील, आणि त्याला नवा कायदाही लागणार नाही.

अशी नोंदवही महाराष्ट्रात झालीच, तर तिची कसोटी काय असावी, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. स्थापनेचे वर्ष, परवाना आणि पाटी यांवरून यादी केली तर तिच्यात इराणी येतील, उडुपी येतील, पुण्यातली विश्रांतिगृहे येतील; पण लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत पाटी, परवाना आणि छापील पावतीशिवाय वीस-वीस माणसांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या स्त्रिया येणार नाहीत. त्यांच्यापैकी ज्या अजून हयात आहेत त्यांचे वय पाहता, त्यांच्याकडून खाड्याचे नियम, वाण्याचे व्याज, मसाल्यांची प्रमाणे आणि संपाच्या महिन्यांतली उधारी लिहून घेण्याचे काम विद्यापीठांच्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी यादीची वाट न पाहता हाती घेतले पाहिजे.